बर्फ चढलेली नाताळगाडी

मला शिट्टी नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते: मी एक आगगाडी आहे. हातभर लांबीची, एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची. मालवणपासून थोडं पुढे, खाडीच्या काठी एक बसकं कौलारू घर आहे, तिथे माझा सगळा जन्म गेला. खरं स्टेशन मी कधी पाहिलं नाही. पण जगाच्या पाठीवरच्या दहा हजार माणसांनी माझ्यासाठी होकार दिला होता. तो होकार मिळवताना या घरात काय झालं, ते सांगितल्याशिवाय मला जायचं नाही.

माझा जन्म आधी डेलिशाच्या कंप्युटरवर झाला. डेलिशा ही बाप्तिस्त आणि इनासिया यांची एकुलती एक मुलगी. कुडाळला एका आर्किटेक्टकडे ती कामाला होती. तारकर्ली, देवबागच्या बाजूला नवीन होमस्टे उठत असतात, त्यांचे नकाशे ती काढायची. बाथरूमचं दार कुठे उघडेल आणि पाण्याची टाकी कुठे बसेल, हे दिवसभर बघून घरी आली, की जेवायच्या आधी घटकाभर ती स्वतःसाठी काहीतरी जुळवत बसे. ठोकळ्यांचं वेड तिला लहानपणापासूनचं. तिचा मामा बोटीवर होता. चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याला त्याने तिला ठोकळ्यांची एक पेटी आणून दिली, तेव्हापासून जी लागण झाली ती गेली नाही.

तिचा बाप रेल्वेत ट्रॅकमन होता. नांदगावच्या बाजूला त्याचा सेक्शन. हातोडा आणि पाना घेऊन रूळ तपासत चालायचं, सैल झालेलं घट्ट करायचं, आणि गाडी आली की बाजूला सरून हिरवी झेंडी धरून उभं राहायचं. आंगणेवाडीची जत्रा असो, गणपती असो, नाताळ असो, लोक घरी निघाले की गाड्या वाढतात, आणि गाड्या वाढल्या की ट्रॅकमनची रजा संपते. त्यामुळे डेलिशाच्या लहानपणी नाताळच्या सकाळी चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्साला, ती आणि आई अशा दोघीच जात. बाप्तिस्त दोन-तीन दिवसांनी येई, तोवर करंज्यांसारख्या नेवऱ्या मऊ पडलेल्या असत. तो त्याच खाई आणि सांगे, की मुंबईहून गोव्याला जाणारी गाडी कशी गच्च भरून आली होती, खिडकीत कुणी तारा टांगला होता, दारात कुणी गिटार वाजवत होतं, आणि एका बाईने त्याला हात केला होता.

"अख्खो नाताळ माझ्या समोरसून जाता गो," तो म्हणायचा.

त्याच्या बोलण्यात तक्रार नसायची. पण डेलिशाच्या मनात ते वाक्य घर करून राहिलं होतं.

त्या वाक्यातूनच मी झाले. निळं इंजिन आणि मागे तीन डबे. पहिल्या डब्यात माणसं, बोचकी आणि मांडीवरची पोरं. दुसऱ्यात फराळ: तपकिरी तुकड्यांचं दोदोल, पिवळ्या तुकड्यांच्या नेवऱ्या. तिसरा डबा उघडा, त्यात गोठा. आणि बाळ येशूला बघायला आलेल्या मेंढपाळांच्या रांगेत डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेवाली. खिडकी-खिडकीत रंगीत तारे. रुळांच्या एका अंगाला चिऱ्याच्या लाल मातीची दरड, वर दोन माड. आणि त्या दरडीच्या पायथ्याशी, गाडीच्या बाहेर, हातात हिरवी झेंडी घेतलेला एक माणूस.

दरडीसाठी जो लाल रंग हवा होता, तो मिळेना. कुठे विटकरी, कुठे भडक. शेवटी परदेशातल्या कुणा शौकिनाकडून जुने तुकडे मागवले आणि डेलिशाने मला पडद्यावरून उचलून टेबलावर आणलं. एकेक तुकडा टक् करून बसत होता, आणि मला वाटत होतं, की आपण कुणीतरी होतोय.

मी पुरी झाले तेव्हा बाप्तिस्तला निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, आणि त्याचे डोळे जायला लागले होते. साखरेने डोळ्यांचे पडदे पोखरले होते. माणूस समोर उभा राहिला की त्याला कडेकडेचं दिसे, मधला चेहरा दिसत नसे. ही गोष्ट त्याने घराबाहेर कुणाला कळू दिली नव्हती. रस्त्यात कुणी हाक मारली की आवाजावरून ओळखून तो "काय, बरो मां?" म्हणायचा आणि पुढे सटकायचा. ज्याने आयुष्यभर नजरेवर भाकरी खाल्ली, त्याला नजर गेल्याचं सांगायची लाज वाटत होती.

डेलिशाने त्याचा हात धरून माझ्यावर ठेवला. इंजिनावरून, डब्यांवरून, ताऱ्यांच्या टोकांवरून त्याची बोटं फिरली. राठ बोटं, पण चालत होती हलकी. मग ती खाली उतरली, रुळांवरून बाजूला गेली आणि त्या माणसाला लागली. टोपी, खांदे, झेंडी.

"ह्यो कोण?"

"तू, पपा."

तो बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसला. नंतर रोज संध्याकाळी रेडिओ लावायच्या आधी त्याचा हात एकदा माझ्याकडे येई, त्या माणसाला शिवे आणि मग रेडिओकडे जाई.

आता होकाराची गोष्ट. हे ठोकळे बनवणारी कंपनी सातासमुद्रापलीकडची. तिची एक वेबसाइट आहे. कुणीही आपलं स्वतःचं डिझाइन तिथे मांडावं. ठरलेल्या मुदतीत दहा हजार लोकांनी पाठिंबा दिला, तर कंपनीची माणसं ते तपासतात. पसंत पडलं तर त्याची पेटी बनून जगभरच्या दुकानांत जाते. डेलिशाच्या डोक्यात ते कधीचं होतं. पण तिला घाई झाली ती बापाच्या डोळ्यांमुळे. कुठल्याशा दूरच्या शहरात कुणीतरी पेटी उघडेल आणि झेंडीवाल्या बाप्तिस्तला रुळांकडेला उभा करील, हे त्याचे डोळे पुरते मिटायच्या आत व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने माझे फोटो काढले, खाली चार ओळी लिहिल्या आणि मला तिथे मांडलं.

सुरुवातीला पाहुणे बरे आले. कुणी रंगांचं कौतुक केलं, कुणी मासेवालीचं. मग गर्दी ओसरली. दिवसाला चार-दोन होकार येऊ लागले. त्या गतीने मुदत संपेपर्यंत निम्मा पल्लाही गाठला नसता.

डेलिशाची शाळेपासूनची मैत्रीण रुमाना. तिच्या घरचं मालवणच्या बाजारात मोबाइलचं दुकान आहे आणि दुकान तीच बघते. तिने हे काम अंगावर घेतलं. होकार द्यायचा तर आधी वेबसाइटवर खातं उघडावं लागे, तेही इंग्रजीत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते कुठून जमणार? रुमाना गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये सिमकार्ड घालता घालता त्याचं खातं उघडून देई आणि माझा फोटो दाखवून विचारी, आवडली तर इथे दाब.

पण या दोघींपेक्षा जास्त धडपड केली ती बाप्तिस्तने. जन्मात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. साधी सायकल मागायची झाली तरी तो चालत जाणं पसंत करी. तो माणूस दर रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पायरीवर उभा राहू लागला. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. जाणाऱ्या-येणाऱ्याला मुलीच्या गाडीबद्दलची त्याची ठरलेली वाक्यं ऐकू येत.

"माझ्या चेडवान गाडी केल्यान. तिच्यात मी आसंय. तुमचो एक होकार व्हयो."

लोक हसून "करतंव, करतंव" म्हणायचे. माणसांची ही सवय मी जवळून बघितली आहे. नाही म्हणायला त्यांना जड जातं आणि हो म्हणून विसरायला काहीच लागत नाही. तरीही काहींनी केलं. बाप्तिस्त घरी येऊन इनासियाला सांगायचा, की आज अमक्याने फोन दाखवला, तमक्याने कबूल केलं. संध्याकाळी डेलिशा नवा आकडा वाचून दाखवी. आकडा लहान असला तरी तो मान हलवून म्हणे, "हळूहळू होतला."

मग एक दिवस तो निरोप आला.

परदेशातला एक माणूस. खेळण्यांवर व्हिडिओ करायचा, लाखो लोक ते बघायचे. त्याने डेलिशाला लिहिलं, अगदी सभ्य शब्दांत. गाडी सुंदर आहे, त्याला स्वतःला आवडली. पण ही बघून कुणाला नाताळ आठवत नाही. नाताळ म्हटलं की बर्फ लागतो. माडांच्या जागी सूचीची झाडं घालता येतील का? इंजिन जुन्या पद्धतीचं, धुराड्याचं करता येईल का? आणि बाजूला तो मजूर कशाला उभा आहे? त्याच्याकडे बघून वाईट वाटतं. तिथे लाल कोटातला सांताक्लॉज बसेल. एवढं केलं, तर तो आपल्या व्हिडिओत मला दाखवील आणि त्याचे चाहते बाकीचं बघून घेतील.

डेलिशाने तो निरोप रुमानाला दाखवला. दोघी माझ्यासमोरच बसल्या होत्या. रुमानाने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "गाडी तुझी आसा. पण अंकलाक इचार आधी."

"इचारतंय," डेलिशा म्हणाली.

विचारायचं राहिलं. का राहिलं, ते मी पाहिलं आहे. त्याच आठवड्यात इनासिया बाप्तिस्तला घेऊन गोव्याला डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेली. डेलिशाने कामावर सुट्टी टाकली होती, पण ती त्यांच्याबरोबर गेली नाही. घरी राहिली. दुपारी तिने दार लोटून घेतलं आणि मला टेबलावर घेतलं.

आधी माड गेले. मग दरडीच्या लाल तुकड्यांवर पांढऱ्या चकत्या बसल्या. डब्यांच्या टपांवर बर्फ चढला, मासेवालीच्या पाटीवरसुद्धा. निळं इंजिन सोडवून काळं केलं, त्याला धुराडं लावलं. सगळ्यात शेवटी तिने त्या माणसाला उचललं. त्याला हातात धरून ती थोडा वेळ बसली, मग टेबलाच्या खणात ठेवून खण बंद केला. त्याच्या जागी दाढीवाला उभा राहिला. मग तिने माझे नवे फोटो काढून वेबसाइटवर टाकले आणि व्हिडिओवाल्याला कळवलं.

शोकेसच्या काचेत मी स्वतःला बघितलं. खिडकीबाहेर मिठाचा वास होता, माडाच्या झावळ्या हलत होत्या, इनासियाने सुकत घातलेले बांगडे होते, आणि माझ्या अंगावर बर्फ होता. मी वाईट दिसत होते असं म्हणणार नाही. फक्त मी कुठून आले, ते आता कुणाला सांगता आलं नसतं.

डेलिशाचा बेत त्याच दिवशी बापाला सांगायचा होता. पण ती दोघं दिवेलागणीला परतली ती मान खाली घालून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे गेलं ते परत येणार नाही, आणि जे उरलंय तेही फार दिवस टिकणार नाही. बाप्तिस्त पायातल्या चपला न काढता खुर्चीवर बसला. इनासिया स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी घासू लागली. अशा वेळी कुणाच्या तोंडून निघेल, की पपा, मी तुला गाडीतून काढलं?

डेलिशाने मला उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. संध्याकाळी बाप्तिस्तचा हात रेडिओच्या आधी माझ्या जागेकडे आला आणि रिकामा फिरला. ती म्हणाली, धूळ बसते म्हणून वर ठेवलीय. तो "बरा" म्हणाला.

व्हिडिओ आला आणि होकारांचा पूर लोटला. एका दिवसात जेवढे आले, तेवढे आधी महिन्यांत आले नव्हते. डेलिशा आकडा वाचून दाखवी तेव्हा बाप्तिस्त खुर्चीच्या हातावर बोटं आपटत ऐके. तो वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखा वाटत होता. चर्चच्या पायरीवर आता त्याचा आवाज चढला होता. तिच्यात मी आसंय, असं तो ज्याला त्याला सांगत होता. हे इनासिया घरी येऊन कौतुकाने सांगायची आणि डेलिशा ताटातला भात चिवडत बसायची. रोज ती उद्या सांगू म्हणायची. रोज आकडा वाढायचा, बाप रोज जास्त हसायचा, आणि सांगणं रोज जास्त कठीण व्हायचं.

असा डिसेंबर लागला. चर्चच्या फादरना कुणीतरी सुचवलं, की बाप्तिस्तच्या मुलीची गाडी गोठ्याशेजारी ठेवू, लोक बघतील, आणखी होकार मिळतील. फादरनी घरी निरोप धाडला. डेलिशा तेव्हा कुडाळला कामावर होती. इनासियाने मला कपाटावरून उतरवलं. बर्फ तिने फोटोत बघितला होता आणि तो तिला आवडलाही होता; बाजूला कोण उभं आहे, ते तिने निरखून पाहिलं नव्हतं. खोक्यात जुनी ओढणी घालून तिने मला बसवलं. बाप्तिस्तने ते खोकं रिक्षात मांडीवर घेतलं आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरलं.

गोठा बघायला आमच्याकडे सगळेच येतात. शेजारची विमलाबाई आली होती, तिच्या ओळखीच्या दोघी-तिघी होत्या, बाजारातली काही माणसं होती. मला गवतावर मांडलं होतं. बाप्तिस्त शेजारी उभा राहून समजावून सांगत होता. ह्या डब्यात माणसं, ह्या डब्यात दोदोल, हा गोठा. बोटांनी चाचपत तो डब्यामागून डबा पुढे सरकत होता. टपांवरच्या चकत्या त्याच्या हाताला लागल्या तेव्हा तो किंचित थबकला, पण बोलत राहिला.

"आनी हो बघा, हंय भायर मी उभो आसंय," असं म्हणून त्याने बोट ठेवलं.

विमलाबाई वाकून बघत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती म्हणाली, "बाप्तिस्तानू, हो तुमी खंय? हो तर तांबडो कोट घातलेलो दाढीवालो म्हातारो."

बाप्तिस्तचं बोट त्या दाढीवर फिरलं. टोपीवर गेलं, टोपीच्या गोंड्यावर गेलं. मग त्याने रुळांच्या दुसऱ्या अंगाला शोधलं. तिथे टोकदार झाड होतं. पुन्हा पहिल्या अंगाला आला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"आसतलो," तो म्हणाला. "माका आता दिसत नाय."

इतकी वर्षं लपवलेली गोष्ट त्याने त्या दिवशी माझ्या बचावासाठी चारचौघांत सांगितली. म्हणजे मुलीच्या बचावासाठी. आंधळ्याची चूक झाली, असं लोकांना वाटावं म्हणून. विमलाबाईचा चेहरा उतरला. तिने त्याच्या दंडाला हात लावला, आणि मग सगळे इकडचं-तिकडचं बोलू लागले.

तो घरी गेला आणि रोजच्यासारखा रेडिओ लावून बसला. डेलिशाला ती गोष्ट दुसऱ्या दिवशी विमलाबाईकडून कळली, कुंपणाशी. ती आत आली, बापाच्या खुर्चीसमोर उभी राहिली. तो रेडिओ ऐकत होता. ती उभी आहे हे त्याला कळलं असणार. तिच्या पावलांचा आवाज तो ओळखतो. त्याने रेडिओचा आवाज कमी केला आणि थांबला. तीही थांबली. मग ती आत चहा टाकायला गेली, आणि त्याने आवाज पूर्ववत केला. हे सगळं मला इनासियाच्या बोलण्यातून समजलं. ती मला चर्चमधून परत आणताना वाटभर रुमानाला हेच सांगत होती.

मला वाटलं होतं, आता तो पायरीवर उभा राहणार नाही. पण पुढच्या रविवारी तो उभा होता. तोच इस्त्रीचा शर्ट. डेलिशा मिस्सा सुटल्यावर जरा मागे राहिली होती, ती दाराच्या आडून ऐकत होती. तिने रुमानाला सांगितलं, तेव्हा मी समोर होते.

तो म्हणत होता, "माझ्या चेडवान गाडी केल्यान. तुमचो एक होकार व्हयो."

मधलं वाक्य त्याने गाळलं होतं.

दहा हजार पुरे झाले. मुदत संपायच्या बरंच आधी. इनासियाने दोदोल घोटलं, रुमाना पेढे घेऊन आली, कुडाळच्या ऑफिसातून फोन आला. बाप्तिस्त सगळ्यांबरोबर बसला, दोदोलाची वडी खाल्ली, म्हणाला, बरा झाला. डेलिशा त्याच्याजवळ जाऊन वाकली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. बघणाऱ्याला वाटलं असतं, की या घरात आनंदाला तोटा नाही.

मग वाट बघणं आलं. कंपनीची माणसं महिनोन्‌महिने तपासत होती. त्या महिन्यांत बाप्तिस्तच्या डोळ्यांतलं उरलंसुरलं कडेकडेचंही मालवलं. नेमकं कुठल्या दिवशी, ते त्याने सांगितलं नाही. इनासियाला कळलं ते तो भर दुपारी "बत्ती गेली काय?" म्हणाला तेव्हा.

निकाल गणपतीच्या आसपास लागला. कंपनीने त्या खेपेला दुसरंच काही निवडलं होतं. नाकारलेल्यांना आभाराचे चार शब्द आणि शुभेच्छा. कारणं ते कुणाला देत नाहीत. रुमानाने एवढंच म्हटलं, की बर्फातल्या गाड्या त्यांच्याकडे आधीच ढीगभर असतील. ती सहज बोलून गेली. पण डेलिशाच्या मनाला ते लागलं आणि तिथेच राहिलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडात तिने मला टेबलावर घेतलं. बर्फाची एकेक चकती काढली. निळं इंजिन परत जुळवलं, माड लावले, खण उघडून त्या माणसाला बाहेर काढलं आणि दरडीपाशी उभं केलं. मग बापाला बोलावलं आणि पूर्वीसारखा त्याचा हात धरून तिथे ठेवला.

त्याचं बोट त्या टोपीवर टेकलं. "व्हय, आसा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दुसऱ्याची वस्तू पारखून परत द्यावी तसा त्याने हात मागे घेतला. त्यानंतर मी पुन्हा रेडिओशेजारी होते, पण त्याचा हात थेट रेडिओकडे जाई. मधल्या वाटेवर मी होते आणि तो मला वळसा घाली. आंधळ्या माणसाने इतक्या नेमकेपणाने एखादी गोष्ट टाळावी, याचा अर्थ ती कुठे आहे, हे त्याच्या मनातून क्षणभरही जात नसणार.

असं एक वर्ष गेलं. माझ्यावर खारी धूळ बसली. एका ताऱ्याचं टोक उंदराने कुरतडलं.

आता डेलिशाला पणजीत नोकरी लागली आहे. सोमवारपासून रुजू व्हायचं. काल तिने कपडे भरले, आणि आज दुपारी जेवणं झाल्यावर मला टेबलावर घेऊन समोर आइस्क्रीमचे रिकामे डबे मांडले. मला सोबत नेता येणार नाही आणि इथे ठेवून माझी माती होणार, असं तिने इनासियाला सांगितलं. ठोकळे सुटे करून रंगवार भरून ठेवायचे, मग पुढे बघू.

पहिला डबा सुटला. टक्, टक्.

खुर्चीतून बाप्तिस्तने विचारलं, "काय करतंस गो?"

"गाडी सोडवतंय, पपा."

तो उठला. भिंतीला हात लावत टेबलापर्यंत आला, खुर्ची ओढून बसला आणि हात पुढे केला. "माका दी."

तिने गोठ्याचा डबा त्याच्या हातात दिला. त्याने नखाने कड शोधली आणि एक तुकडा सोडवला. मग दुसरा. ती रंग सांगे आणि तो त्या-त्या डब्यात टाकी. दोघं असं बराच वेळ करत राहिली. मी कमी कमी होत होते.

"त्या दिवशी चर्चात," तो म्हणाला. हात चालूच होते. "माका लय वायट वाटलेला."

"माका ठावक आसा."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तू इचारशीत म्हणान मी वाट बघित रवलंय."

तो थांबला. "आनी मी, तू सांगशीत म्हणान."

डेलिशाने डोकं टेबलावर टेकलं. ती रडत होती, पण आवाज नव्हता. तो चाचपत तिच्या केसांपर्यंत पोचला आणि हात तिथे ठेवला. इनासिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत फिरली. दोन वर्षांचं न बोललेलं एका दुपारी भरून येत नाही, हे तिघांनाही समजत होतं. सोमवारी ती जाणार आहे. त्याला आता तिचा चेहरा कधीच दिसायचा नाही.

माझी विनवणी एवढीच आहे. कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही अडून राहिलंय असं वाटलं, तर विचारा. त्याने आधी बोलावं म्हणून बसून राहू नका. मी तर खेळणं. मला बोलायला हे एवढंच मिळालं, तेही शेवटी.

डबे भरत आले आहेत. माझं आता फक्त इंजिन उरलंय, ते बाप्तिस्तच्या हातात आहे. त्याने चाकांवर अंगठा ठेवलाय आणि तो थांबलाय. मला वाटतं, त्याला ओढवत नाही.

ओढ, बाप्तिस्त. जोराने ओढलंस तरी चालेल. मला दुखत नाही.